घरापुढच्या चार वाफ्यांसाठी : शहराचे नियम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नगररचना विभागांत, नगरपालिकांत आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणींत बसून घरांच्या आवारांचे नियम करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

घराच्या भिंती आणि कुंपण यांच्यामध्ये जी जागा उरते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. शहरातल्या छोट्या प्लॉटवर ती किती असते? कुणाकडे शंभर चौरस मीटर, कुणाकडे पन्नास, कुणाकडे नुसती बाजूची बोळ आणि वर गच्ची. तेवढ्या जागेत भाजी लावायची, ओल्या कचऱ्याचं खत करायचं, छपरावरचं पाणी साठवायचं, जमलं तर तीन-चार कोंबड्या किंवा मधमाश्यांची एखादी पेटी ठेवायची, असं करू पाहणारी माणसं जगातल्या बहुतेक शहरांत आहेत. मी त्यांच्यातलीच एक. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला कुठल्या ना कुठल्या शहरात, कुठल्या ना कुठल्या सोसायटीत आज मनाई आहे.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल तरी ती पोचेल. आवाराचे नियम करताना वस्तूवर बंदी घालू नका, त्रासावर घाला. वास, डास, उंदीर, आवाज, ओल आणि भार हे शेजाऱ्याला होणारे खरे त्रास. त्यांतला प्रत्येक तपासता येतो आणि थांबवताही येतो. त्यांची बंधनं आमच्यावर जरूर घाला, हवी तेवढी कडक घाला. पण ‘समोरच्या अंगणात भाजीपाला लावू नये’, ‘आवारात खताचा ढीग नसावा’, ‘पाण्याची पिंपं दिसता कामा नयेत’, ‘कोणताही पक्षी पाळू नये’ अशा सरसकट मनाईने यातला एकही त्रास कमी होत नाही. जाळी लावून नीट झाकलेलं पिंप तेवढं उचललं जातं, आणि शेजारच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत डास होतच राहतात.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो आमच्या बाजूच्या उत्साही मंडळींनीही पसरवला आहे. छोट्या प्लॉटवर कुटुंबाचं सगळं अन्न पिकत नाही. धान्य, डाळी आणि तेल यांना मोठी जमीन लागते, ती शहरातल्या घराजवळ नसते आणि नसणार. पिकतं ते असं: पालेभाज्या, मिरच्या, टोमॅटो, शेंगभाज्या, वेलभाज्या, रोज चिमूटभर लागणाऱ्या वासाच्या वनस्पती, एखाद-दोन फळझाडं. ताटातला हा भाग वजनाने थोडा असतो, पण सगळ्यात लवकर नासणारा हाच. लांबून गाडीने येताना, दुकानात पडून राहताना, फ्रिजमध्ये विसरला जाताना तोच आधी वाया जातो. घराजवळ पिकवण्यात खरा अर्थ आहे तो याच भागाला.

त्यालाही ऊन लागतं, आणि तिथेच तुमच्या नियमाशी आमची पहिली गाठ पडते. फळभाज्यांना दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. आता ज्या घराच्या मागच्या अंगणावर दिवसभर शेजारच्या इमारतीची सावली असते, त्याला ‘भाजी मागच्या बाजूला लावा’ असं सांगणं म्हणजे लावूच नका असं सांगणं. छोट्या प्लॉटवर उन्हाची जागा निवडता येत नाही. ऊन पुढे असेल तर वाफेही पुढेच होणार.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शोअर्स या गावी नेमकं हेच प्रकरण घडलं. तिथलं एक दांपत्य घरापुढच्या अंगणात सतरा वर्षं भाजी पिकवत होतं. २०१३ मध्ये स्थानिक प्रशासनाने नियम कडक केला आणि समोरच्या आवारात भाजीपाल्याला मनाई केली. रोज ५० डॉलर दंडाची टांगती तलवार आल्यावर त्यांनी वाफे उपटले आणि ते कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपिलातही ते हरले. अखेर २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की घराच्या आवारातल्या भाजीच्या बागेवर स्थानिक संस्थांना बंदी घालता येणार नाही. इलिनॉय राज्यात २०२२ च्या सुरुवातीपासून असाच कायदा लागू झाला. या सगळ्या वर्षांत त्या अंगणामुळे कुणाला कसला त्रास होत होता, हा वादाचा मुद्दाच नव्हता. वाद होता तो दिसण्याचा. त्याच अंगणात शोभेची झाडं लावलेली चालत होती.

दिसण्याला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. रस्त्यावरून जाताना कुणाच्या दारात काय दिसतं याने मन प्रसन्न होतं किंवा उदास होतं, हे खरं आहे. पण हंगाम संपल्यावर वाळलेला वेल मांडवावर महिनोन् महिने लोंबत ठेवू नका असा नियम करणं वेगळं, आणि वेलच लावू नका असा नियम करणं वेगळं. पहिला मी आनंदाने पाळेन.

आता खताकडे वळते, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याबद्दल होतात आणि सर्वांत जास्त अज्ञानही त्याच्याचबद्दल आहे. ओल्या कचऱ्याचा ढीग म्हणजे दुर्गंधी, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात नीट चाललेल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. त्यामागचं शास्त्र जुनं आणि तपासलेलं आहे. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवलेली खताची पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे आली, आणि आज परसात खत करणारा कुठल्याही देशातला माणूस थोड्याफार फरकाने तीच वापरतो: सुक्याचा थर, ओल्याचा थर, हवा खेळती, ओलावा बेताचा. कचऱ्यातला कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं. स्वयंपाकघरातल्या साली-देठांत नायट्रोजन जास्त, वाळलेल्या पानांत, भुशात आणि फाडलेल्या पुठ्ठ्यात कार्बन जास्त. म्हणून ओल्याची एक बादली टाकली की तिच्यावर सुक्याच्या दोन पडल्या पाहिजेत.

तपासणीला येणाऱ्या माणसाला यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. ढिगात हात घालून एक मूठ उचलायची आणि घट्ट दाबायची. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर आत हवा राहिलेली नाही. हातातून नुसता भुगा सांडला तर ढीग झोपला आहे, त्याला पाणी हवं. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालंय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ढीग आतून गुदमरलाय, तो वर-खाली करून सुकी पानं मिसळायला हवीत. हे केलं की एक-दोन दिवसांत वास जातो. एक घनमीटरच्या आसपासचा ढीग नीट लागला तर मधोमध ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. थंडीच्या सकाळी तो उकरला की वाफ दिसते. त्या उष्णतेत बहुतेक रोगजंतू आणि तणाच्या बिया मरतात. छोट्या प्लॉटवर एवढा मोठा ढीग बहुधा होत नाही. डब्यातलं किंवा चौकटीतलं खत थंडच राहतं आणि तयार व्हायला सहा महिने ते वर्ष घेतं. तेही उत्तम खत असतं, फक्त त्यात रोगट झाडं आणि बिया धरलेलं तण घालायचं नाही.

मग नियम काय असावा? कुंपणाबाहेर वास येता कामा नये. ओला कचरा वर उघडा दिसता कामा नये. तळाला आणि बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी हवी, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. मांस, मासे, तेलकट उष्टं घालायचं नाही. ढिगाचा पाझर शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाता कामा नये. पाच वाक्यांत बसणारा हा नियम कुणालाही समजतो, पाळता येतो, आणि मोडला तर लगेच दाखवून देता येतो.

याची दुसरी बाजूही तुमच्याच खात्यात मोडते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांतून. कचरा डेपोवर दाबून टाकलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन हा हवामान तापवणारा वायू निघतो. तो कचरा उचलायला गाडी, माणसं, इंधन आणि टाकायला जागा तुम्हालाच पुरवावी लागते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून घरांतला जैविक कचरा वेगळा काढण्याची सोय करून देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक आहे, आणि घरीच खत करणं हा त्या सोयीचा एक मान्य मार्ग आहे. ज्या शहराचं एक खातं ओल्या कचऱ्याच्या ओझ्याखाली दबलेलं आहे, त्याच शहराच्या दुसऱ्या खात्याने घरच्या खताला नोटीस पाठवावी, हे मला समजत नाही. दोन्ही खात्यांनी एकदा एका टेबलावर बसावं.

पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की २,००० लिटर. गळती, उडणं, वाया जाणं धरून निदान १,६०० लिटर हाती लागतात. २०० लिटरचं पिंप तर दोन-तीन मिलिमीटर पावसातच भरून वाहायला लागतं. पहिला एखादा मिलिमीटर सोडून द्यायचा, कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. हे पाणी झाडांसाठी, पिण्यासाठी नव्हे. त्याबद्दल कुणीही गफलत करू नये.

डासांची भीती मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. उबदार हवेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाचं अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. म्हणून दोनच नियम पुरेत: पाण्याला वरून बारीक जाळी, आणि जे भांडं झाकता येत नाही ते आठवड्यातून एकदा रिकामं करून घासणं. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. हे दोन नियम आमच्या पिंपांना लावा, तसेच ते कुंड्यांखालच्या बशांना, बांधकामावरच्या हौदांना, टाकून दिलेल्या टायरांना आणि सरकारी कार्यालयांच्या गच्च्यांनाही लावा.

पाणी साठवण्यावरची मनाई काही ठिकाणी वेगळ्या कारणाने होती. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात पावसाचं पाणी खालच्या बाजूच्या जुन्या हक्कदारांचं समजलं जाई, त्यामुळे घरच्या पिंपात ते धरणं बेकायदा होतं. २०१६ मध्ये कायदा बदलला आणि घराला जास्तीत जास्त दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर, एवढी मुभा मिळाली. प्रमाण लहान आहे. पण घरच्या पिंपांनी कुणाची नदी आटत नाही, हे तिथे अभ्यासून, मर्यादा ठरवून मान्य झालं.

वापरलेल्या पाण्याच्या बाबतीत मला सगळ्यात शहाणा वाटतो तो ॲरिझोना राज्याचा नियम. २००१ पासून तिथे घरातलं अंघोळीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी बागेला द्यायला अर्ज करावा लागत नाही, दिवसाला ४०० गॅलनची, म्हणजे सुमारे १,५०० लिटरची मर्यादा पाळली की झालं. त्यासोबत अटींची यादी आहे: पाणी आपल्याच आवारात मुरलं पाहिजे, साचून राहता कामा नये, फवाऱ्याने उडवायचं नाही, माणसाचा त्याला स्पर्श होऊ नये, साठवण असेल तर ती डास शिरणार नाहीत अशी झाकलेली हवी. अटी पाळा, परवानगी आहेच. मोडल्या तर कारवाई. परवानगीसाठी खिडक्या नाहीत, फाइल नाही, साहेबांची सही नाही. या पत्राला नमुना हवा असेल तर तो हा आहे.

कोंबड्यांचं नाव काढलं की बैठकीत हसू फुटतं, हे मी पाहिलेलं आहे. तरी शांतपणे ऐका. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही; तो फक्त पिल्लांसाठी लागतो. पहाटेचं आरवणं हा कोंबड्याचा उद्योग, आणि त्याला दाट वस्तीत मनाई करणं रास्तच आहे. कोंबडी ओरडते ती अंडं घातल्यावर, दिवसाउजेडी, काही मिनिटं. रात्री ती गपगार असते. तीन-चार कोंबड्यांना रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी साधारण ०.३ ते ०.४ चौरस मीटर आणि दिवसा वावरायला प्रत्येकी निदान एक चौरस मीटर जागा द्यावी लागते. तेवढी नसेल तर पाळूच नयेत. दाटीवाटीने ठेवलेली कोंबडी एकमेकींना टोचून जखमी करते.

त्रास उद्भवतो तो खाद्यामुळे. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते; त्यापेक्षा जास्त टाकलं आणि रात्री तसंच पडू दिलं की उंदीर येणारच. म्हणून खाद्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, संध्याकाळी उरलेलं उचलून ठेवलेलं, जमिनीखालीही जाळी गेलेली, आणि रानपक्ष्यांची विष्ठा खाद्यात-पाण्यात पडणार नाही असं वर छप्पर. बर्ड फ्लूची साथ जाहीर झाली की कोंबड्या पूर्ण आत, आणि अचानक मेलेल्या पक्ष्याची माहिती त्याच दिवशी पशुवैद्यकीय खात्याला. हात धुणं सक्तीचं, विशेषतः मुलांना, कारण निरोगी दिसणारी कोंबडीही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगून असू शकते. या अटी तुम्ही घाला. आम्ही पाळू, आणि जो पाळणार नाही त्याची परवानगी काढून घ्या. फ्रान्समधल्या कोल्मार परिसराच्या प्रशासनाने तर २०१५ मध्ये कचरा कमी व्हावा म्हणून घरोघरी कोंबड्या द्यायला सुरुवात केली. तसं करा असं मी म्हणत नाही. पण विषय हसण्यावारी नेऊ नका.

मधमाश्यांबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्क शहराने २०१० मध्ये त्यांच्यावरची बंदी उठवली. पेटीच्या तोंडासमोर दोन मीटर उंच कुंपण किंवा झुडपांची भिंत असली की माश्या तिथूनच वर चढून माणसांच्या डोक्यावरून जातात. जवळच पाणी ठेवलं की त्या शेजाऱ्याच्या नळावर जात नाहीत. मात्र शेजारी कुणाला डंखाची गंभीर ॲलर्जी असेल तर पेटी ठेवू नये; इथे शेजाऱ्याचा शब्द शेवटचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

आता अशा गोष्टीकडे येते जिथे तुम्ही नियम करायला हवा होता आणि बहुतेक ठिकाणी केलेला नाही. माती. शहरातली माती स्वच्छ असेलच असं नाही. जुन्या रंगात शिसं हा विषारी धातू असे. रंग खरवडला, पावसाने धुपला, की तो भिंतीलगतच्या हातभर पट्ट्यात उतरतो. गाड्यांच्या पेट्रोलमध्येही शिसं असे. ते जगातून पूर्ण जायला २०२१ उजाडलं, अल्जीरिया हा ते बंद करणारा शेवटचा देश. हवेतून ते गेलं, जमिनीतून गेलं नाही. शिसं कुजत नाही, विरघळून फारसं खाली जात नाही, वरच्या थरात बसून राहतं. सर्वांत मोठा धोका धुळीचा आणि मातीने भरलेल्या हातांचा, आणि तो सर्वांत जास्त लहान मुलांना. त्यानंतर पालेभाज्या आणि कंद, कारण त्यांना माती चिकटून येते. टोमॅटो, मिरची, शेंगा यांत ते फार कमी उतरतं. अशा मातीत चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ते येतं.

यावर उपाय आहेत. मातीची चाचणी करायची. शिसं निघालं तर तळाला जाड कापड घालून वर निदान ३० सेंटिमीटरचा उंच वाफा करायचा आणि त्यात बाहेरून आणलेली तपासलेली माती भरायची. उघडी जमीन आच्छादनाने किंवा गवताने झाकायची. भिंतीलगत खाण्याचं काही लावायचं नाही. पण चाचणी कुठे होते, कितीत होते, निकाल कसा वाचायचा हे सामान्य माणसाला कळत नाही, आणि आपल्या प्लॉटवर पूर्वी गॅरेज होतं की पेट्रोल पंप की बॅटऱ्यांचा कारखाना, हे त्याला माहीतच नसतं. ती नोंद तुमच्या दफ्तरात असते. वाफ्याच्या उंचीवर आणि कुंपणाच्या रंगावर जेवढा विचार झाला, त्याचा काही अंश या नोंदी लोकांना खुल्या करण्यावर व्हावा. मुलांच्या रक्तात काय जातं, हा प्रश्न आवार कसं दिसतं याच्या खूप आधीचा आहे.

गच्चीचंही तेच. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १,६०० ते १,९०० किलो. ३० सेंटिमीटर खोल वाफा पाणी प्यायला की चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास भार टाकतो. राहत्या घराचा स्लॅब सहसा माणसं आणि सामान यांच्या चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोंसाठी धरलेला असतो. म्हणून गच्चीवर मातीचे सलग वाफे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागा. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हलकं मिश्रण भरलेल्या थोड्या कुंड्या, त्याही तुळईवर आणि भिंतींलगत ठेवलेल्या, यांना मात्र तोच दाखला मागू नका. भार वेगळा, तर नियमही वेगळा हवा.

जर्मनीत छोट्या बागांचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, १९८३ चा. एक तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा असं तो सांगतो, आणि तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं की निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाजी पिकली पाहिजे. म्हणजे तिथे तपासणी होते ती पिकवता की नाही याची. ते तुकडे घराच्या आवाराबाहेरचे, भाड्याने घेतलेले असतात, आणि ती पद्धत सगळीकडे लागू होणार नाही. तरी एखादं शहर अन्न पिकवण्याकडे हक्क आणि जबाबदारी म्हणून पाहू शकतं, एवढं त्यावरून दिसतं.

आणि सरकारांनी हे पूर्वी पाहिलेलंही आहे, अडचण आली तेव्हा. १९३९ च्या शरदात दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटनच्या कृषी खात्याने लोकांना हिरवळी खणून भाजी लावायला सांगितलं. अमेरिकेत १९४३-४४ मध्ये अशा दोन कोटींच्या आसपास बागा होत्या आणि त्या काळच्या अंदाजानुसार देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाजी त्यांतून येत होती. १९४२ मध्ये जर्मन सैन्याच्या वेढ्यात अडकलेल्या रशियातल्या लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक चौकात कोबी लावलेली होती. सोव्हिएत संघ कोसळून तिकडून येणारी मदत थांबल्यावर नव्वदच्या दशकात क्यूबाची राजधानी हवानामध्ये मोकळ्या जागांवर वाफे झाले. दर वेळी माणसांकडून अपेक्षा तीच: ताबडतोब पिकवा.

ताबडतोब मात्र काही पिकत नाही. बांधकामाचा राडारोडा मिसळलेली जमीन खत घालून घालून भुसभुशीत व्हायला काही वर्षं जातात. कलमी फळझाड धरायला दोन-तीन वर्षं लागतात, कधी जास्त. आपल्या अंगणात कुठल्या महिन्यात ऊन कुठवर येतं, कुठली कीड कधी उतरते, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे दोन-तीन हंगाम तिथे वावरल्याशिवाय कळत नाही. अडचणीच्या काळात तुम्ही परवानगी द्याल, पण तेव्हा माती तयार नसेल आणि हातही. म्हणून ती परवानगी आज, सगळं सुरळीत असताना हवी आहे.

तक्रारींबद्दल एक सांगायचं आहे. मला एकदा नोटीस आली, तिच्यात ‘आवार अस्ताव्यस्त असल्याबाबत’ एवढंच लिहिलेलं होतं. वास, डास, उंदीर, यातलं काहीच नाही. नेमकं काय काढायचं, हे विचारायला गेले तर तिथल्या माणसालाही सांगता येईना; तक्रार आली आहे, काहीतरी करा, एवढंच. अशा नोटिशीचं पालन कसं करायचं? शेंगांचा मांडव काढला असता तर पुरलं असतं का? की पिंप हलवायला हवं होतं? पाहणीला कुणी आलं नव्हतं. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहू द्या, त्यात गैर नाही. पण नोटिशीत त्रास कोणता, तो कोणी, कधी, प्रत्यक्ष येऊन पाहिला, आणि दूर करायला किती दिवस, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. उभं पीक असेल तर तोडणीपर्यंतचा अवधी द्या. तयार व्हायला आठवडा उरलेली भाजी उपटायला लावणं क्रूरपणाचं आहे.

भाडेकरूंचाही विचार व्हावा. ते जमिनीत खणू शकत नाहीत, पण हलवता येणारे वाफे आणि कुंड्या ठेवू शकतात. घर सोडताना जागा पूर्ववत करून देण्याची अट घातली की मालकाचंही नुकसान नाही.

आणि फरसबंदीला काहीतरी मर्यादा घाला. आवार काठोकाठ काँक्रीटने मढवायला बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. त्यावरचं सगळं पाणी गटारात जातं, खालची जमीन तहानलेली राहते, संध्याकाळ झाली तरी त्यातून उष्णतेच्या झळा येत राहतात. जमीन उघडी ठेवणाऱ्याला नोटीस आणि झाकणाऱ्याला मोकळीक, हा क्रम उलटा आहे. आवाराचा ठराविक हिस्सा पाणी मुरेल असा ठेवणं सक्तीचं झालं, तर त्यात कुणी काय लावायचं हा पुढचा प्रश्न निम्मा सुटेल.

नियमांचा पुढचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढाल, तेव्हा त्यातली ‘शोभा’, ‘सुसंगत’, ‘अस्ताव्यस्त’ ही मोजता न येणारी कलमं वगळा, आणि खत, पाणी, पक्षी, माश्या, माती, भार यांच्यासाठी वर सुचवल्या तशा अटी लिहा. अटी लिहायला आमच्यापैकी अनेकजण फुकट बसतील. पाहणी करायची असेल तर आगाऊ कळवू नका. भर उन्हाळ्यातल्या दुपारी या, किंवा सलग पाऊस लागल्यावर चौथ्या दिवशी. खताला वास मारायचा असेल तर तो तेव्हाच मारेल, पाणी तुंबायचं असेल तर तेव्हाच तुंबेल. जे आढळेल ते लिहून द्या, मी दुरुस्त करीन.

आपली,
छोट्या प्लॉटवर राहणारी एक नागरिक